सुभेदारांची खुशाली, कंसांसह

मु. पो. तेलगाव, जि. बीड
रामनवमीचा दुसरा दिवस

श्री. रा. रा. अर्जुनराव व्याहीसाहेब यांना माणिकरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. ऑपरेशननंतर तुमच्या डोळ्याचा पडदा जागेवर बसत चालला असेल, आणि रात्रंदिवस पालथं झोपून मान फार अवघडली नसेल, अशी आशा करतो. शिवशंकरराव कामाला जाऊन-येऊन तुमची सेवा करतात हे दीपमाला फोनवर सांगत असते. असा जावई मिळाला याबद्दल तुमचे आभार मागेही मानले होते, पुन्हा मानतो. पत्र लिहायचं कारण असं, की मोबाइल बघायची तुम्हाला डॉक्टरांनी बंदी केली आहे, आणि नुसत्या फोनवर तुम्ही माझ्याशी दोन शब्द बोलून लगेच "सुभेदाराला द्या" म्हणता. तेव्हा सविस्तर खुशाली लिहून पाठवतो. दीपमाला वाचून दाखवेल.

(दीपमाला बेटा, कंसातलं सगळं तुझ्यापुरतं आहे. सासरेबुवांना वाचून दाखवू नकोस. डॉक्टरांनी धक्का नको, शिंकसुद्धा जपून, असं सांगितलंय ना? कंस आला की जरा खोकल्यासारखं कर आणि मनात वाच.)

तर आधी मुख्य बातमी. सुभेदार ठणठणीत आहे. सोनेरी अंग तसंच झळकतंय, डावा पर जिथे फाटलाय तिथे फाटलेलाच आहे, आणि सकाळी काचेवर टिचकी मारली की रुबाबात समोर येऊन उभा राहतो. आमच्या विहीणबाई सुंदरताईंनी कपिलधारच्या यात्रेहून परतताना बीडमध्ये हा घेतला आणि तुमच्या उमापूरपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत, मांडीवर ठेवून आणला, हे तुम्ही मला किमान वीस वेळा सांगितलंय. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पट्टी निघाली की पहिल्यांदा सुभेदाराला बघायचं, हा तुमचा हट्ट मला ठाऊक आहे. एवढी मोलाची वस्तू तुम्ही दोन महिने आमच्या स्वाधीन केलीत, या विश्वासाबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. बरोबरचे छोटे मासेही मजेत आहेत.

(छोटे पाच होते. चार मजेत आहेत. पुढे येईलच.)

काचेची पेटी आली तेव्हा तिच्यासोबत सुंदरताईंची वहीही आली. माशांचं खाणं, पाणी, आजार, सगळं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं. मी पहिलं पान लक्षपूर्वक वाचलं, आणि वही देवळीत ठेवली. (तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं कारकुनी केली. पहिलं पान वाचायचं आणि शेवटच्या पानावर सही करायची. मधलं कुणी वाचतं का?) पेटी बैठकीच्या खोलीत तिपाईवर ठेवली, ऑक्सिजनची मोटर बोर्डाला जोडली, बुडबुडे सुरू झाले. तुमची विहीणबाई, म्हणजे आमची ही, दोन दिवस तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर खुर्ची ओढून पेटीसमोर बसलेली, आणि सुभेदाराला मेथीचा भाव सांगत होती.

आता मुंग्यांचं. हिची सवय तुम्हाला माहीत नसेल. हिच्या आईपासून चालत आलेलं आहे: सकाळी अंघोळ झाली की चिमूटभर साखर मुंग्यांना घालायची. हिला शुगर निघाल्यापासून चिमटीची मूठ झाली. घरातली साखर स्वतःला चालत नाही तर निदान त्यांनी तरी खावी, असा हिशोब. आजवर हे दान मागच्या दारी होत असे. मासे आल्यावर हिला तिथून उठवेना, म्हणून दान बैठकीच्या खोलीत, तिपाईशेजारी आलं. काळ्या मुंग्या आल्या, त्यांच्या मागून लाल आल्या. साखर संपली की माशांच्या खाण्याचा डबा, आणि डबा झाकला की थेट पेटीच्या काठावर मोर्चा. लाल मुंग्या पाण्यात पडू लागल्या, आणि सुभेदार एकेक तोंडात घेऊन थुंकू लागला.

मी लगेच बंदोबस्त केला. जुने लोक दुधाच्या कपाटाला करायचे तसं तिपाईच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. चार वाट्या, चार खंदक. मी निर्धास्त झोपलो. सकाळी पेटीवर मुंग्या पूर्वीपेक्षा जास्त! वाट्या कोरड्या नव्हत्या, भिंतीला तिपाई टेकलेली नव्हती. पाऊण तास गुडघ्यावर बसून पाहिलं तेव्हा शोध लागला. मंडळी बोर्डावरून मोटरच्या वायरीवर चढत होती आणि एका रांगेत, शिस्तीत, पेटीवर उतरत होती. मी हळद टाकली, खडू ओढला, वायरीला फुंकर मारली. ही म्हणाली, "आवं, त्यास्नी साखर कमी पडतीय," आणि मूठ मोठी केली.

शेवटी तज्ज्ञ माणूस बोलवावा असं ठरलं. मोठ्या गावाहून पेस्ट कंट्रोलवाले येईपर्यंत धीर निघेना, म्हणून आपल्या गावातलाच बिभीषण आला. कापसावर फवारणी करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही.

(इथून खोकायला लाग.

बिभीषण पाठीवर पंप लटकावून थेट स्वयंपाकघरात. मी विचारलं, बाबा, औषध घरात चालतं का? तो म्हणाला, "काका, लई जालीम हाय. बोंडअळी जागेवर गार व्हती, मुंगी कावून ऱ्हाईल?" तुझी आई मागून ओरडली, "आन् माशाचं काय रं?" तेव्हा तो जरा थांबला आणि खरं तेच बोलला, "काकू, मासा म्या कदी फवारला न्हाई." तोवर ओट्याखाली अर्धा पंप झाला होता. वास बैठकीत आला. मला काय सुचलं देव जाणे, देवळीतली वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या पानावर सुंदरताईंनी लाल शाईने लिहिलं होतं: "घरात फवारणी कधीही करू नये. थेंब जरी पाण्यात गेला तरी मासे जगत नाहीत. मोटर वाईट हवा पाण्यात ओढते, आधी मोटर बंद करावी." मी मोटरचं बटण बंद केलं आणि "झाका, झाका" ओरडलो. तुझ्या आईने कपाट उघडून हाताला लागली ती साडी ओढली, बादलीत बुचकळली आणि पेटीभोवती गच्च गुंडाळली.

मोटर बंद, वर झाकण. मासे गुदमरणार. मग पेटीतलंच पाणी बादलीत घेतलं, मासे त्यात काढले आणि बादली बाहेर लिंबाखाली नेली. एक छोटा तिथेच गेला. सुभेदार एका अंगावर कलला. तुझी आई मांडी घालून बसली आणि तांब्याने पाणी उंचावरून बादलीत सोडू लागली, म्हणजे हवा मिसळावी. दुपारी एकपासून चारपर्यंत. गुडघेदुखीची तक्रार नाही, चहा नाही. नुसतं पाणी ओतायची आणि म्हणायची, "विहीणबाई, तुमचं लेकरू हाय, संबाळा. विहीणबाई, माझ्या हातून न्हाई व्हायला पायजे." बिभीषण बिचारा तोवर साबणाच्या पाण्याने सगळं स्वयंपाकघर तीनदा धूत होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. नेमका त्याच वेळी सासरेबुवांचा फोन आला: "सुभेदाराला द्या." मोटर बंद, बुडबुडे कुठून आणू? मी ओसरीवर जाऊन तांब्यात तोंड घातलं आणि फोन जवळ धरून गुळगुळ केलं. ते म्हणाले, "आज आवाज खणखणीत आहे." चार वाजता सुभेदार सरळ झाला. तुझा बाप मात्र लिंबाला टेकून रडला, हेही वाचू नकोस.)

बिभीषणाने योग्य ती पाहणी केली आणि फवारणीची गरज नाही असं आमचं सर्वांचं मत पडलं. मग सुंदरताईंच्याच वहीतला उपाय केला. त्यांनी लिहून ठेवलंय: "मुंग्या वायरीवरून येतात. वायरीला बोटभर लांब व्हॅसलीन लावावं. मुंगी मारू नये, तिचा रस्ता बदलावा; चिमूटभर साखर दाराबाहेर घालावी." तेवढं केलं. त्या दिवसापासून आजपर्यंत पेटीवर एकही मुंगी नाही. मुंगीचं ते वाक्य हिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मुंगी मारू नये असं वाटणारं दुसरं माणूस नात्यातच होतं, आणि सोयरिकीच्या नऊ वर्षांत आम्हाला पत्ता नाही.

आता राहवत नाही म्हणून लिहितो. दीपमालाच्या लग्नात सुंदरताईंनी हिला दिलेली साडी हिला साधी वाटली, हे तुम्हालाही ठाऊक आहे. इतर विहिणींना जरीच्या आणि मला ही, म्हणून हिने तिची घडी मोडली नाही, आणि उमापूरच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. सुंदरताई गेल्या तेव्हा आली होती, पण त्याला येणं म्हणत नाहीत. तर काही घरगुती कारणाने (तुला कळलंच) परवा त्या साडीची घडी मोडली. धुऊन दोरीवर टाकली, वाऱ्याने पदर उलगडला. आतल्या पदरावर हाताने भरलेला कशिदा होता, चिमण्यांची अख्खी रांग, आणि टाके वहीतल्या अक्षरांसारखेच, एकसारखे आणि तिरपे. किती महिने बसल्या असतील. आम्ही घडीच उघडली नव्हती. तुमच्या घरचं हे ऋण मी आता कशाने फेडू? नुसते आभार मानतो, ते गोड मानून घ्या.

दीपमालाला आणि शिवशंकररावांना आशीर्वाद. डोळा जपा, शिंक आली तर हळू द्या.

आपला
माणिकराव

ता. क. १. सुभेदाराला न्यायला जीप पाठवू नये. का, ते ही स्वतः सांगेन म्हणते.

ता. क. २. ही पत्र वाचायला मागते आहे. देतो. (दीपमाला, कंस तिने पाहिले तर माझं काही खरं नाही.)

ता. क. ३. दादा, मालनचा नमस्कार. मला लिहायची सवय न्हाई, यांचा पेन घेऊन लिहिते. दीपमाला, खोकू नको. कंसातलं समदं पहिल्यापासून दादांना वाचून दाखव. डोळ्याला पट्टी हाय, मनाला न्हाई, त्यांना सोसंल. दादा, तुमचा एक लहानगा मासा माझ्या साखरंपायी गेला. तुळशीखाली पुरलाय. माफी असावी. सुभेदाराला मी स्वतः घेऊन येते, विहीणबाईंनी आणला तसा, मांडीवर. चिमण्यांची साडी नेसून येणार हाय. जे त्यांना तोंडावर सांगायचं ऱ्हायलं ते तुमच्या उंबऱ्यात सांगीन. चहा ठेवा, पर साखर घालू नका, मला चालत न्हाई. माझ्या वाटची साखर विहीणबाई घालायच्या तिथं, तुमच्या दारातल्या मुंग्यांना घाला.