डबा भरेपर्यंत

प्रिय ठमाबाई,

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर ओळखलंस ना? फोन तू उचलत नाहीस. रिंग मात्र मी शेवटपर्यंत ऐकतो, तेवढंच तुझ्या घरात डोकावून आल्यासारखं वाटतं. दुकान बरं चाललंय. एके काळी पाठीवर जुने डबे लादून दारोदार हिंडायचो, आता छतापर्यंत रचलेत. गिऱ्हाइकं अजून परीक्षा घेतात, “मापाडेशेठ, यात किती मावेल सांगा!” मी टिचकी मारतो, कान लावतो, सांगतो. चुकत नाही. म्हणजे, चुकत नव्हतो.

आता बातमी. घाबरू नकोस, धोका टळलाय. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या आईला झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. त्यातला एक शब्द ‘ठमी’ आणि एक ‘नको’. दोन्ही जोडून म्हणाली, म्हणजे तुला कळवायचं नाही. कीव येऊन कुणी जिना चढलेला तिला चालत नाही. तुझा हट्टीपणा कुठून आला ते आता कळलं. इतकी वर्षं आळ माझ्यावर होता.

व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, रोज एकेक नाणं उचलून डब्यात टाकायचं. आई ढिम्म. भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटी मी गल्ल्यातली नाणी ताटलीत ओतली, गुडघ्याएवढा पत्र्याचा डबा तिच्या खुर्चीशी ठेवला आणि म्हणालो, “हा भरला की ठमी येते बघ.” तिनं मान वळवली. पहिलं नाणं पडलं, ठण्ण! तेव्हापासून खाली दुकानात बसून मी रोज तो आवाज ऐकत आलो.

कशाच्या जोरावर बोललो म्हणशील, तर हिशेब केला होता. तळात नाण्यांचा एक थर लावून बघितला, कडेला एक चळत उभी केली, गुणाकार केला. साडेआठ हजार. तिच्या गतीनं वर्ष सहज निघेल, आणि वर्षभरात तू आपणहून येशील. गेल्या खेपेला तुझं-माझं जिन्यात वाजलं, पण ते किती दिवस वाजत राहणार? मात्र नाणी रचली तरच शहाण्यासारखी बसतात. वरून टाकली की एक उभं, एक तिरकं, मधे नुसती पोकळी. जन्मभर डबे विकले आणि एवढं डोक्यात आलं नाही! त्यात तिचा हात सुधारला, वेग वाढला. मला आनंद व्हायला हवा होता. ठण्णचं टण झालं, टणचं टिक, आणि इकडे मी उरलेले दिवस मोजायला लागलो.

तिला आंघोळीला नेलं की मी लाकडी हातोडीनं डबा बाजूनं ठोकायचो. नाणी खाली बसायची, बोटभर जागा व्हायची. मग ठोकूनही बसेनात. एकदा दोन ओंजळी काढून घेतल्या. तिनं पुढचं नाणं टाकलं, कान दिला आणि माझ्याकडे बघितलं. या डब्यांतच संसार केलाय तिनं, तिला काय कळायचं राहतंय! मीच दोन्ही ओंजळी परत ओतल्या, तिच्यादेखत, चोरासारखा.

आता मूठभर जागा उरलीय. सोमवारपासून वरून आवाजच येईना, म्हणून दाराआडून बघितलं. नाणं उचलते, हात डब्याच्या तोंडापर्यंत नेते, थांबते आणि नाणं परत ताटलीत ठेवते. एकेक करत सगळी. व्यायामवाल्या बाई खूश, “काकूंचा हात अगदी सुटला हो!” मी मान डोलावतो. याहून मोठे डबे माझ्याकडे छतापर्यंत आहेत, त्यातला एकही कामाचा नाही. म्हणून तिचा ‘नको’ मोडून हे लिहितोय. येणार असशील तर खालून हाक मारू नकोस, सरळ जिना चढ. तुझी पावलं ती ओळखेल. येणार नसशील तर तेही कळव. निदान तो डबा तिच्यासमोरून उचलेन. उचलताना तिला काय सांगायचं, ते मात्र सुचत नाही.

तुझाच,
बाबा