इंदूबाईंच्या आवाजावरची सुई

२२ मार्च २०१५
इंदूबाईंनी नवं गाणं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "हा माहा आवाज नव्हे, देवरावभाऊ. चौऱ्याऐंशीच्या कॅसेटीत होता तसा करा. नाही तं माहं नाव टाकू नका." चौदा एप्रिलच्या जयंतीची सीडी तीन एप्रिलला द्यायची. बारा दिवस!

२३ मार्च
ती कॅसेट नागपूरला झाली. मी तिथे रेकॉर्डिस्ट होतो. स्टुडिओत कॉम्प्रेसर होता — चढलेला आवाज आपोआप दाबणारं लोखंडी यंत्र. काचेआड पिवळा दिवा, आणि इंदूबाईंच्या वरच्या सुराला मागे झुकणारी सुई. अजून डोळ्यांसमोर आहे. तापलेल्या धुळीचा वाससुद्धा.
तशा जुन्या यंत्रांच्या तीन नकला लेकीने, दीपाने पुण्याहून पाठवल्यात. संगणकात चालणाऱ्या, दिसायला नुसती चित्रं. पण सुई हलते!

२६ मार्च
पूर्वी मार्चअखेरपर्यंत शेजारच्या कापसाच्या जिनिंगची धडधड. इथे घाटंजीत दुपारी माईक लावायची सोय नसे. यंदा कापूसच नाही. जिनिंग जानेवारीतच थांबलं. भर दुपारी तिन्ही नकला गाण्यावर लावून ऐकल्या. पहिली चपळ — शब्दाचं तोंडच चावते. दुसरी संथ, गोड, पण श्वास फुगवते. तिसरी ऊबदार, जरा घोगरी.
दीपाला फोनवर ऐकवल्या. "बाबा, मले तं तिन्ही सारख्याच वाटतात." माझीच मुलगी!

२९ मार्च
इंदूबाईंना दुसरी ऐकवली. मान हलवली — नाही. यंत्र काय करतं ते सांगितलं. "माहा आवाज दाबाले यंत्र कायले पायजे? आजवर कोणाले दाबता आला नाही!" हसल्या. जाताना मात्र पुन्हा तेच — "नाव नको."

३१ मार्च
तिसरी. तीही नाही.

१ एप्रिल
माळ्यावर मूळ टेपचा डबा सापडला. आत माझ्याच अक्षरात चिठ्ठी: "कॉम्प्रेसर दुरुस्तीला. आवाज थेट घेतला." तीनदा वाचली. तीस वर्षं मी लोकांना ती सुई सांगत आलो!
तसाच इंदूबाईंकडे गेलो. "तवा माईकपुढं तुम्ही काय करत होत्या?"
"करतो काय! जलशात साऱ्याइले मिळून एकच माईक राहे. वर गेलं का पाऊल मागं. नाही तं भोंगा किंचाळे."
आता त्यांचे गुडघे गेलेत. नव्या गाण्याच्या वेळी मीच त्यांना खुर्चीत बसवलं होतं, माईक तोंडाशी लावला होता आणि हलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

२ एप्रिल
तिन्ही नकला बंद. इंदूबाई खुर्चीत, माईकचा दांडा माझ्या हातात. त्यांचा सूर वर गेला की मी दांडा मागे घेई. एका दमात गाणं झालं.
ऐकून झाल्यावरही हेडफोन काढेनात. मग म्हणाल्या, "टाका नाव. अन् यंत्राच्या जागी तुमचं."