शेडच्या कागदावर कुणाची सही

६ जानेवारी, मंगळवार
काल जे झालं ते तसंच:
१. दुपारी तीनला राणी रंगाचा नमुना लॅबमध्ये मी रंगवला.
२. तुकडा इस्त्रीने वाळवून लगेच रंग मोजायच्या मशीनवर धरला. आकडा बरोबर आला.
३. भगवानकाका म्हणाले, "आजून गरम शे. थंड होऊ दे."
४. मी थांबले नाही. शेडच्या कागदावर, म्हणजे रंगछटा मंजूर असल्याच्या कागदावर, सही केली.
५. बाराशे मीटर रंगलं. सगळं गिऱ्हाइकाच्या नमुन्यापेक्षा पिवळट.
तापलेलं कापड खरा रंग दाखवत नाही. हे पुस्तकात होतं. कॉलेजच्या पेपरात मी लिहिलंही होतं, पूर्ण मार्क.
मी टेक्स्टाइल केमिस्ट्रीची पदवीधर, इथे सहा महिने. काका सातवी पास, सुरतेत पांडेसऱ्याच्या याच डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं.

९ जाने., शुक्र.
लॉट काकांनी सुधारला. मशीनने सांगितलं त्याच्या निम्माच लाल टाकला. पहिल्याच फेरीत रंग जुळला. माझं नाव कुणापुढे घेतलं नाही. मला फक्त विचारलं, चहा घेतला का.
संध्याकाळी शेठ महेशभाईंनी दोघांना बोलावलं. मार्चमध्ये मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट. लॅबप्रमुख प्रमाणपत्रवालाच हवा. म्हणून काकांच्या जागी प्रमुख मी, आणि काका १ मार्चपासून खाली कापड रंगवायच्या मशीनवर. मी म्हटलं, तो लॉट मी घालवला होता.
"ऑडिटवाळाने कागळ जोईए, बेन. आंख नहीं." म्हणजे कागद हवा, नजर नको.
 काका लॅबमध्ये येऊन बाटल्या पुसत बसले.

१२ जाने., सोम.
अनुभवावर प्रमाणपत्र देणारी सरकारी परीक्षा आहे. तोंडी आणि प्रात्यक्षिक. काकांचा फॉर्म भरला. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी. दोन दिवस त्यातच.
काका: "बादलीत हात घालायला सांग पोरी, पेन नको."
पेन लागणार नाही, सांगितलं. सहीपुरतंच.

२५ जाने., रवि.
तयारी. मी विचारते, ते सांगतात. उत्तरं बरोबर, नावं मात्र पुस्तकातली नाहीत, त्यांची स्वतःची. मी नावं बदलायला लावली नाहीत.
नमुना इस्त्रीवरून काढला की काका तो खिडकीत टांगतात आणि तंबाखू मळतात. मळून झाली की कापड बघतात. आज घड्याळ लावलं. चार मिनिटं. कापड थंड व्हायला तेवढीच लागतात.

८ फेब्रु., रवि.
परीक्षा. मी दाराबाहेर, दार उघडं.
परीक्षकाने दोन तुकडे पुढे ठेवले. रंग एकच का? काका म्हणाले, "या ट्यूबखाली एक. बाहेर दोन." परीक्षक तुकडे घेऊन व्हरांड्यात गेला. उन्हात धरले, परत आला. याला काय म्हणतात, विचारलं.
"आम्ही फसवा रंग म्हणतो, साहेब. तुमच्या पुस्तकातलं नाव ही पोरगी सांगेल."
परीक्षक हसला. मीही.

२१ फेब्रु., शनि.
पास. वरची श्रेणी. पाच जणांत एकटे.
काकांनी प्रमाणपत्र खिडकीत नेऊन उजेडात बघितलं, पुढून, मागून. म्हणाले, छपाई बरी आहे.
प्रमाणपत्र घेऊन मिलकडे येताना रिक्षात उधन्यापर्यंत हसू येत होतं. आवरलं नाही.
घरी आई: "तू शिकनी, अन् खुर्ची त्याले?" मी म्हटलं, खुर्ची त्यांचीच आहे, मी शिकतेय. आईने ताट जरा आपटलंच.
शेठना दुपारीच दाखवलं होतं. सरस, सरस म्हणाले, पेढे मागवले. मग म्हणाले, तरी प्रमुख तूच, पदवी वजनदार दिसते. काका खालीच.

२३ फेब्रु., सोम.
पत्र दिलं. प्रत इथे.

"महेशभाई,
आता कागद आहे आणि नजरही आहे. दोन्ही एकाच माणसाकडे. लॅबप्रमुख म्हणून भगवान पाटील यांची नेमणूक व्हावी. शेडच्या कागदावर वर त्यांची सही, खाली माझी. त्यांना मशीनवर पाठवलं तर २ मार्चपासून माझी सही मिळणार नाही. जो रंग मी एकटी ओळखू शकत नाही, त्याखाली एकटीची सही करणं ही खोटी नोंद आहे. ऑडिटवाल्यांनी विचारलं तर हेच सांगेन.
शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं."