‘चाळण’ कुणाच्या हाती द्यावी

मी, महंमद हनीफ इस्माईल तांबोळी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी छपाई व आता नुसतेच वाचन, राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिबिजानचे मत वेगळे आहे, पण ती माझी बायको आहे, डॉक्टर नाही. कोणी मला फूस लावलेली नाही, कोणी दम दिलेला नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. नुसत्या मोकळ्या जागा भरायच्या होत्या. पण उभी हयात दुसऱ्यांचे मजकूर जुळवले, निदान हा एक तरी आपला असावा असे वाटले, म्हणून नमुना आभार मानून परत केला.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव. माझे वारस तिघे: पत्नी बिबिजान, मुलगा झीशान आणि मुलगी इफरा. त्यांची वाटणी शरियतीप्रमाणे होईल. त्यात मला ढवळाढवळ करता येत नाही आणि करायचीही नाही. फक्त विनंती करतो. शरियतीने झीशानचा हिस्सा बहिणीच्या दुप्पट होतो. त्याने आपल्या खुशीने तिला बरोबरीने द्यावे. मी हे त्याच्याजवळ बोललो तेव्हा तो म्हणाला, “अब्बा, तिला हवं ते तिनं घ्यावं, उरलं ते माझं.” बोलताना मोबाईल बघत होता, तरी शब्द दिला असे मी धरतो. वरची खोली इफराला मिळावी. तिथे बसून तिने ‘चाळण’साठी बातम्या वाचल्या. आता ती वर जात नाही, पण खोली तिचीच आहे.

कलम २. छापखान्यातले पायाने चालवायचे ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे. संगणक येण्याआधी हे खिळे एकेक उचलून मी अक्षरे जुळवत असे. ते झीशानने भंगारात घालू नयेत. कोणी शाळा मागेल तर द्यावेत, नाही तर पडू द्यावेत. घरात जागा अडते हे मला ठाऊक आहे. माझ्यामुळे याहून जास्त जागा अडलेली आहे.

कलम ३. ‘चाळण’. या कलमावर वकीलसाहेब अडले. त्यांना सांगितले तेच इथे लिहितो.

‘चाळण’ ही मोबाईलवर आणि संगणकावर चालणारी एक जागा आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांबद्दल पेपरात छापून आलेली बातमी तिथे कोणीही टाकावी. मग वाचकांतून निवडलेले पाच पंच ती तपासतात. बातमीदार जागेवर गेला होता का? दुसऱ्या बाजूला विचारले का? पुढाऱ्याच्या कार्यालयातून आलेला कागद जसाच्या तसा छापला का? जाहिरातच बातमी म्हणून घुसवली का? आणि चूक झाली असेल, तर खुलासा चुकीइतक्याच ठळक अक्षरात छापला का? पंचांची नावे, त्यांनी कोणाला फोन केला, काय पाहिले, सगळे उघड. तिचा कोडही पहिल्या दिवसापासून उघडा ठेवला. जगातल्या कोणीही तो फुकट न्यावा, बदलावा, आपल्या गावात चालवावा, अट एकच, त्यानेही तो उघडाच ठेवायचा.

“म्हणजे ही मालमत्ता कुणाची?” वकीलसाहेबांनी विचारले.

“सगळ्यांची.”

“अहो तांबोळी, जी सगळ्यांची आहे ती तुम्ही मृत्युपत्रात कुणाला देणार?”

मी म्हटले, देण्यासारख्या फक्त किल्ल्या आहेत. किल्ल्या म्हणजे दोन पासवर्ड, एक जुन्नरचा, एक आंबेगावचा. दोन्ही लागल्याशिवाय ‘चाळण’चा कोणताही नियम बदलत नाही. एका तालुक्याने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये म्हणून तशी रचना केली होती. जुन्नरची किल्ली माझ्याकडे आहे. आंबेगावची माझ्या मित्राकडे, सयाजी गेनू भोर, राहणार घोडेगाव, याच्याकडे आहे. आमचे बोलणे बंद आहे, आणि म्हणून ‘चाळण’ही बंद आहे.

कलम ४. सयाजीबद्दल. कायद्याला हे कलम लागत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मला लागते.

सयाजी शेतकरी, आणि बरीच वर्षे एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार. आपल्याकडे तालुक्याच्या बातमीदाराचे पोट बातमीवर भरत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर भरते. ज्याच्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच अंगणातली घाण लिहायची कशी? सयाजीने वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी हात पसरायला नकार दिला आणि घरी बसला. हे मी त्याच्या बाजूने लिहीत आहे, नीट वाचावे.

एके सकाळी तो माझ्या दुकानात आला. डोळे सुजलेले. “हनीफभाई, येडगावची ठकूमावशी गेली. उसात बिबट्यानं वढली. पेपरात आलंय, हे बघ. दशक्रियेची पत्रिका लाव.” मी फोटो लावला, भोवती वेलबुट्टी काढली, ‘शोकाकुल’खाली भाचे-पुतणे जुळवत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ठकूबाई स्वतः बोलत होत्या. आवाज दुकानाबाहेर ऐकू जात होता. “काय रं सयाजी, माझ्या दारात बाया रडत्यात आन् तू कुठं हायेस? ह्या समद्यांना च्याला दूध कुठनं आनू मी?”

बिबट्या आला होता हे खरे, त्याने शेळी नेली होती. ठकूबाईंनी त्यानंतर कांद्याची दोन पिके काढली. पेपराने दोन ओळींचा खुलासा टाकला, आतल्या पानात, निविदा नोटिशीच्या खाली. आम्ही आधी पोट धरून हसलो. मग सयाजी म्हणाला, “हनीफभाई, पेपर समद्यांचं तपासतो. पेपराचं कुनी तपासायचं, राव?” तिथून ‘चाळण’ निघाली. माझी भाची उजमा पुण्यात संगणकाचे काम करते. सुट्टीला येऊन तिने माझ्या दुकानात बसून कोड लिहिला. प्रश्न कोणते विचारायचे हे सयाजीने ठरवले आणि भाषा मी नीट केली. आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. सयाजी कांदा-भाकरी घेऊन यायचा आणि बिबिजान त्याला बळेच बिर्याणी वाढायची.

एक नियम त्याने मांडला. “पावन्यानं पावन्याच्या बातमीला मार्क द्यायचे नायत. न्हाई तर समदा घरचा कारभार.” मला तो फार आवडला. उजमाने तो कोडात घातला. प्रत्येक वाचकाने आपले गाव, आजोळ, सासर, सोयरीक लिहायची. बातमीदाराशी किंवा बातमीतल्या माणसाशी नाते निघाले, की यंत्र त्याला पंचांतून आपोआप वगळणार.

जुन्नर-आंबेगावात जन्म काढलेल्या दोन माणसांना एवढे कळू नये? सबंध मे महिना आम्ही लग्नांतून जेवत फिरतो. इथे सोयरीक नाही असे घर शोधायला निघालो तर खेड ओलांडावे लागेल.

मग ती बातमी आली. आहुप्याकडच्या एका वाडीत घरोघरी नळाला पाणी आल्याची. लिहिणारा पप्पू भोर, सयाजीचा चुलत पुतण्या. कोणीतरी ती ‘चाळण’वर टाकली. यंत्राने पावणे वगळायला सुरुवात केली आणि भोरांचे, त्यांच्या व्याह्यांचे, व्याह्यांच्या व्याह्यांचे म्हणत सगळे गेले. उरले कोण? आमच्या गल्लीतले पाच. याच गल्लीत वाढलेली उजमा, माझी इफरा, शेजारचा अरहम, त्याची बहीण आणि आणखी एक जण. पोरांनी काम चोख केले. इफरा आणि अरहमची बहीण स्वतः वाडीवर जाऊन आल्या. नळ होते, पाणी नव्हते, बाया झऱ्यावर होत्या. तसे त्यांनी लिहिले, खाली पाचही नावे, नेहमीसारखी उघड.

दुसऱ्या दिवशी त्या नावांचा फोटो दोन्ही तालुक्यांच्या फोनवर फिरत होता. वर लिहिले होते, ‘बघा, आपल्या पोरांचे पेपर कोण तपासतंय.’ वाडीच्या नळाबद्दल कोणी अक्षर बोलले नाही.

आळे गावात एका मंगल कार्यालयात बैठक बसली. मला बोलावले. सयाजी माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. माणसे वाईट नव्हती, मला आधी चहा दिला. मग एका वडीलधाऱ्याने विचारले, “हनीफभाई, आमचा एकबी मानूस पंचात नाय, तुमचेच पाच. हा नियम केला तरी कुनी?”

मी सयाजीकडे पाहिले. तो बशीतला कप फिरवत होता. मी थांबलो. तो आता बोलेल, आता बोलेल, असे वाटत होते. तो बोलला नाही. शेवटी मी म्हणालो, “नियम ‘चाळण’चा आहे.” त्याचे नाव मी घेतले नाही. ते त्याने घ्यायचे होते.

“म्हंजी तुमचाच की,” ते म्हणाले.

त्या महिन्यात सयाजीच्या मुलीचे, हर्षालीचे, लग्न जुळत होते आणि मुलाकडची मंडळी त्याच बैठकीत बसलेली होती. हे मला तेव्हाही माहीत होते. इफरासाठी मीही कदाचित जीभ आवरली असती. सगळे समजते. पण मला फार वाईट वाटले आणि अजून वाटते. लोक काय म्हणाले ते मी केव्हाच विसरलो, शेजारची खुर्ची गप्प राहिली ते विसरलो नाही.

घरी आल्यावर बिबिजान म्हणाली, “अब बस करो जी. लड़कियों के नाम लोगों के फोन में घूम रहे हैं.” उजमाच्या सासरहूनही तसाच निरोप आला. इफराने स्वतःहून नाव काढून घेतले, मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मी सयाजीला फोन केले. नियम बदलू, तुझी किल्ली लागते, एवढेच सांगायचे होते. त्याने एकही उचलला नाही. मग मीही सोडून दिले. मध्यंतरी कोकणातल्या काही कॉलेजच्या पोरांचे पत्र आले, ‘तुमचा कोड आम्ही आमच्या तालुक्यात चालवतो, आभारी आहोत.’ मी ते बिबिजानला वाचून दाखवले. आनंदाची गोष्ट होती, पण आम्हाला दोघांनाही जेवण गेले नाही.

कलम ५. पप्पू भोर याच्यावर माझा राग नाही. कार्यालयातून आलेला कागद त्याने छापायला दिला. त्याच्या जागी बसलेले सगळे तेच करतात. ज्याने नावांचा फोटो पहिल्यांदा फिरवला त्याला मी ओळखतो. तो माझ्या मयतीला आला तर येऊ द्यावे, फक्त त्याने खांदा देऊ नये.

कलम ६. माझ्या निधनाची बातमी छापायची असल्यास पेपरवाल्यांनी आधी बिबिजानला विचारून खात्री करावी. ‘ज्येष्ठ समाजसेवक’ लिहू नये. ‘छपाईवाले’ पुरे.

कलम ७. शरियतीप्रमाणे मालमत्तेच्या ज्या एक तृतीयांशावर माझी मर्जी चालते त्यातून, वारसांच्या माहितीने, माझा संगणक, ‘चाळण’चे इंटरनेटवरचे नाव आणि जुन्नरची किल्ली भाची उजमा हिला द्यावी. तिने नको म्हटल्यास आग्रह करू नये. आंबेगावची किल्ली माझी नाही, ती देण्याचा मला अधिकार नाही. पण ती हर्षालीकडे जावी अशी माझी इच्छा आहे. लग्नाआधी ती सगळ्यात कडक पंच होती. दोन्ही किल्ल्या लागल्या तर पहिला बदल असा करावा: नाते असलेल्याला वगळू नये. त्याने नाते नावापुढे लिहावे आणि मग बोलावे. वाचणारे ठरवतील. एवढे साधे आम्हाला तेव्हा सुचले नाही.

कलम ८. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले. सयाजीला या कागदातून काहीही मिळत नाही, म्हणून तो पात्र आहे. झीशान त्याला निरोप देईल. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, माझी सही पाहायची असते. तो आला नाही तर ती जागा गल्लीतला कोणीही भरील. कायद्याला ते चालेल. मला चालणार नाही.

वर लिहिलेले सर्व वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून, खाली सही करतो.

महंमद हनीफ इस्माईल तांबोळी
(सही)
ठिकाण: जुन्नर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिला: जया दत्तात्रय वाळुंज, निवृत्त परिचारिका, राहणार जुन्नर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार दुसरा: सयाजी गेनू भोर, राहणार घोडेगाव, तालुका आंबेगाव. सही माझ्यासमोर झाली. वाचायचं नसतं म्हनले, तरी समदं वाचलं. पावन्याचा नियम मी केला व्हता, हनीफभाईनं नाय. आळ्याला इचारलं तवा मी गप बसलो. कुनाला छापायचं आसंल त्यानं माझ्या नावानिशी छापावं.
(सही)