चार ओहमच्या खाली न उतरण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय ध्वनिवर्धकांची दुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. मात्र बाहेरच्या खोलीत मेहुणा पेचकस घेऊन बसला आहे, ही भीती नमूद करणे प्राप्त आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलावयाची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले. तथापि ते भिंतीकडे पाहून म्हणाले, सबब लेखणी उचलली.

कलम १. राहते घर व ठेवी पत्नीस. घर आजही तिचेच आहे. कायद्यास उशिरा कळत आहे, इतकेच.

कलम २. दुकान परगावी नोकरी करणाऱ्या कन्येस. तिने ते चालवावे, विकावे अथवा त्यात मांजरे पाळावीत.

कलम ३. ज्येष्ठ बंधूंनी नेलेली व परत न केलेली माझी शिडी मी त्यांस बहाल करतो. येणेप्रमाणे ती उचलेगिरी न राहता वारसा ठरेल.

कलम ४. आता मुख्य विषय. पत्नीच्या आजारपणानंतर तिच्या कानांतून नाजूक स्वर निघून गेले. माणसांचे बोलणे ती ओठांवरून ओळखते. खर्ज तेवढा उरला, तोही कानांत नव्हे, तळहातांत. लाकडी बाकाखाली मी सबवूफर बसवला आहे. ती बाकावर हात टेकवून बसते आणि गाणे तिच्यापर्यंत पोहोचते. गेल्या आठवड्यात त्याचा पडदा फाटला. तेव्हापासून ती बाकावर बसते, पण हात मांडीवर ठेवते. हे मला पाहवत नाही.

(लेखन थांबवून बाहेर डोकावून आलो. मेहुण्याने खोका फोडला आहे.)

कलम ५. नवा सबवूफर मेहुण्याने आणला. खोक्यावर बाराशे वॅट असे ठळक छापले आहे. तो क्षणिक पराक्रम होय. अखंड सोसण्याची शक्ती आतील कागदावर बारीक अक्षरांत तीनशे आहे. आमचा अँप्लिफायर चार ओहमच्या भाराला अडीचशे वॅट देतो, म्हणजे शक्तीच्या बाबतीत मेहुण्याची निवड, दैवयोगाने का होईना, निर्दोष. घोटाळा संरोधाचा, ज्याला बाजारात नुसते ओहम म्हणतात. या सबवूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल आहेत. शेजारी-शेजारी जोडल्या तर भार दोन ओहमवर येतो. एकामागे एक साखळीने जोडल्या तर आठ. अँप्लिफायर चारच्या खाली सोसत नाही, हे त्याच्या पाठीवर लिहिले आहे. परंतु पाठ वाचण्याची परंपरा मेहुण्याच्या घराण्यात नाही.

(पुन्हा उठलो. त्याने दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी जोडल्या होत्या आणि बोट बटणावर होते.)

“भावजी, दोन ओहमला आवाज दुप्पट येतो. दुकानदारानं सांगितलं.”

“येईल. नंतर धूरही येईल. तोही दुप्पट.”

तारा मी स्वहस्ते सोडविल्या व साखळीने जोडल्या. डॉक्टरांनी वाकू नका असे बजावले होते. तो उपदेश मी बाकाखाली शिरेपर्यंत कटाक्षाने पाळला.

कलम ६. आठ ओहमला अँप्लिफायर सुरक्षित राहतो, पण शक्ती निम्म्याच्या आसपास देतो. योग्य उपाय एकच: हाच सबवूफर दोन-दोन ओहमच्या कॉइलचा घ्यावा आणि साखळीने जोडावा, म्हणजे बरोबर चार. दुकानदार बदलून देण्यास राजी आहे. सबब उद्या मेहुण्याने रुग्णालयात माझ्यासाठी अश्रू ढाळत न बसता दुकानात जावे, बदल करून आणावा आणि बटण दाबण्यापूर्वी मीटर लावून भार मोजावा. मीटर, तारांना डाग देण्याचे, कावीळ झाल्यागत पिवळे पडलेले सोल्डरिंग आयर्न व त्याचा स्टँड मी त्यासाठीच त्यास देत आहे. हे त्याला जमेल का, या एका प्रश्नाने मला झडपेपेक्षा अधिक छळले आहे.

कलम ७. कलम ६ मधील बदलाची आज्ञा रद्द. कारण येणेप्रमाणे.

आठ ओहमवर गाणे लावले. पत्नी बाकावर बसली, हात टेकवले, डोळे मिटले. मी विचारले, तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच असल्याने प्रश्न वाया गेला. गाणे संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिले.

“हलकं आहे. पण आहे.”

मेहुणा उद्या बदलून आणील, असे मी सांगितले.

“त्यानं आणायचा नाही. अहो, तुम्ही आल्यावर तुम्हीच बदला. तोवर मी हलकं ऐकीन.”

मी न आल्यास काय, हा कायदेशीर प्रश्न मी उपस्थित केला. तिने माझ्या ओठांकडे पाहिले आणि समजले नाही असे खुणेने सांगितले. ती मेहुण्याचे पुटपुटणेसुद्धा खोलीच्या पलीकडून ओळखते.

सबब हा सबवूफर माझ्याखेरीज कोणीही बदलू नये. मी न परतल्यास काय करावे, याची तरतूद करण्यास पत्नीने मनाई केली असून हे मृत्युपत्र त्या बाबतीत जाणूनबुजून अपुरे ठेवले आहे.

लाभार्थी असल्याने मेहुण्यास साक्षीदार होता येत नाही. तो रुसून चहा करायला गेला आहे.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरील शिंपी. २. समोरच्या निवृत्त शिक्षिका; यांनी शुद्धलेखन तपासून मगच सही केली.

स्थळ: बाकाजवळ.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची दुपार.

सही
(अक्षर हलले आहे. पत्नीने दुसरे गाणे लावले असून कागद बाकावर आहे.)