भाऊबीजेच्या पुड्या

महागावजवळचा तांडा,
फेब्रुवारीतला दुसरा सोमवार

तीर्थरूप रामलालभाऊजी,

तुमच्या पायांना हात लावून भावसिंगचा जय सेवालाल. (हात लावून म्हणजे कागदावर. खरोखर वाकायचे दिवस गेले.) इकडे सगळं खुशाल आहे. मी काठी टेकत अंगणात दोन चकरा मारतो, सूनबाई वर्षा वेळेवर चहा देते आणि वेळेवर बोलतेही. तुमचे कान कसे आहेत? परवा फोनवर तुम्ही ओरडून सांगितलंत की सुखीबाईचे गुडघे पार मोकळे झाले, गाल भरून आले, बाई वीस वर्षांनी लहान दिसते. बहिणीचं असं कौतुक ऐकून भावाला आनंद व्हायला पाहिजे. मला घाम फुटला. का, ते फोनवर सांगता येईना, कारण तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि बाई शेजारीच बसलेली असते. म्हणून हे पत्र माझ्या लखनच्या हाती घाटंजीला पाठवतोय. एकट्यानं वाचा आणि शेवटपर्यंत वाचा. (शाळेत हे मी दरवर्षी चाळीस पोरांना सांगायचो. एखादाच ऐकायचा.)

आमच्या घराण्याचा वात तुम्हाला नवा नाही. आमचे पणजोबा लदेणीवर असत, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालत. तेव्हापासून आमच्यात बैलाला आणि माणसाला एकच औषध: विळा इंगळावर लाल करायचा आणि दुखतं तिथं टेकवायचा. माझ्या बाजवळ, म्हणजे वडिलांजवळ, तोच विळा होता. आधी बैल, मग आम्ही. (बैलाला धरायला चौघं लागायचे, मला बा एकटाच पुरायचा.) सुखीबाईच्या गुडघ्यावरची खूण तुम्ही पाहिलीच आहे. डाग टळला तर बिब्बा. मास्तर झालो त्या हिवाळ्यात आईनं माझ्या गुडघ्याला बिब्बा लावला, तो असा उतला की अंगभर फोड आले आणि आठवडाभर मी वर्गात उभ्यानंच शिकवलं. मग तुंबडीवाली आली. तिनं गुडघ्यावर शिंग लावून तोंडानं ओढ ओढ ओढलं आणि काळं रक्त दाखवत म्हणाली, "पाहा गुरुजी, वात निघून राह्यला." रक्त गेलं, वात जिथल्या तिथं. तेव्हा मी शपथच घेतली की आपण शिकले-सवरलेले, हे अडाणी उपाय पुन्हा करायचे नाहीत. सगळा घात त्या शपथेनं केला.

मागच्या पावसाळ्यात आमच्या आठवडी बाजारात एक जण जीप लावून बसायला लागला. पांढरा कोट, हातात माईक, समोर वातावरच्या पुड्यांची रास. चटका नाही, फोड नाही, रक्त नाही. मला वाटलं, विज्ञान म्हणतात ते हेच. तीन दिवसांत मी देवळापर्यंत चालत गेलो आणि पंधरा दिवसांत पुतण्याच्या वरातीत नाचलो. (कसा नाचलो ते विचारू नका, मोबाईलमध्ये आहे.) चेहरा गरगरीत झाला. लोक म्हणू लागले, "गुरुजी, तब्येत बनली तुमची." मग त्या पुडीवाल्यानं भर बाजारात माईक माझ्या हाती दिला आणि दोन शब्द बोला म्हणाला. भाऊजी, रिटायर मास्तराच्या हाती कधी माईक देऊ नये. मी पाऊण तास बोललो. तांड्यातल्या चौघांनी माझ्या शब्दावर पुड्या घेतल्या. आणि भाऊबीजेला साडी न घेता मी बाईच्या ताटात पुड्यांचा डबा ठेवला. साडी काय, फाटते, असंही वर म्हणालो. तुम्ही हसला होतात. संक्रांतीला दुसरा डबा पाठवला, तोही मीच.

संक्रांतीनंतर माझा डावा खुबा गेला. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, साखर तपासली (ती ऊसवाल्यालाही लाजवेल एवढी निघाली) आणि पुडी हातात घेऊन विचारलं, ही किती दिवस घेताय. पुडीत स्टेरॉइड होतं. ते दुखणं झाकून ठेवतं आणि आतून हाडं पोखरतं. माझ्या खुब्याच्या हाडाचा गोळा मेला आहे म्हणाल्या. बाचा डाग निदान वरून दिसायचा. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, आणखी किती जणांना दिलंत हे?" पुढं त्या काहीतरी समजावत होत्या, पण मी ऐकलंच नाही. मला घाई झाली होती तांड्याला सांगायची. लखननं जीपमधून आणलं तसा देवळापुढं बसलो, पुन्हा माईक घेतला आणि ओरडलो, पुड्या विष आहेत, आत्ताच्या आत्ता चुलीत टाका.

त्या चौघांपैकी तिघांना माझं पटलं नाही. चौथ्यानं, उकंडानं, टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या लागल्या, उभं राहवेना, "गुरुजी, मले काय होऊन राह्यलं?" एवढंच विचारत होता. दवाखान्याच्या वाटेतच गेला. नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शरीराला त्या औषधाची सवय लागलेली असते, ते एकदम तोडायचं नसतं, टप्प्याटप्प्यानं उतरवायचं असतं, आणि हेच त्या मला त्या दिवशी सांगत होत्या. उरलेल्या तिघांना लखन त्यांच्याकडेच घेऊन गेला, ते वाचतील. उकंडा माझा विद्यार्थी होता. चाळीसातला ऐकणारा तो एकच.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. तूर निघाली का ते कळवा.

तुमचा,
भावसिंग

ता. क. बाईला पुड्या टाकू देऊ नका. आज घेतली असेल तर रागावू नका. उरलेला डबा जसाच्या तसा बरोबर द्या आणि तिला आजच लखनच्या गाडीत बसवा. तो तुमच्या दारात उभा आहे. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय.

ता. क. दुसरा. अंगणात चकरा मारतो असं वर लिहिलं ते खोटं आहे. मला वर्षा धरून बसवते. नाहीतर मी स्वतः आलो असतो. हे बाईला सांगू नका.

ता. क. तिसरा. ती डबा सोडणार नाही, मला माहीत आहे. भावाची ओवाळणी आहे म्हणेल. मग सांगा की भाऊच परत मागतोय. दिलेली ओवाळणी परत मागणारा भाऊ आपल्या तांड्यानं पाहिला नसेल, पण मी मागतोय. साडी लखनजवळ आहे. रंग तिला आवडणार नाही, वर्षानं निवडलाय. तरी तिला म्हणावं, नेसूनच गाडीत बस.