कांदा चिरायची सुरी

२१ एप्रिल १९३५

नाही म्हणजे नाही. देशमुखांची कट्यार मी हातात धरणार नाही. आज जेवताना बोलून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. माय म्हणाली, "काऊन रे, कोनं काई म्हटलं का तुले?" कोणी काही म्हटलं नाही. तेच तर! या गावात कोणी कधी काही म्हणतच नाही.

नवरदेवाच्या हातात शस्त्र हवं, हे मला मान्य. हळद लागल्यापासून नवरी घरी येईपर्यंत, टोकाला लिंबू खोचून, दृष्ट लागू नये म्हणून. पण आमच्या गावात ते शस्त्र वामनराव देशमुखांच्या देवघरातूनच यायला हवं. कोणाचंही लग्न असो, तीच चांदीच्या मुठीची कट्यार. नवरदेवाचा बाप अनवाणी जातो, उपरणं पसरून ती घेतो. नवरदेव आधी देशमुखांच्या पायरीवर डोकं टेकतो, मारुती नंतर. आणि मिरगात पेरणीला आपली तिफण आधी त्यांच्या वावरात, मग आपल्या. असं का, तर कट्यार घेतली म्हणून.

माझ्याकडे माझी सुरी आहे. मी तीच धरीन.

२३ एप्रिल

माय बोलत नाही. वरणात मीठ नव्हतं. विसरली नव्हती, मला ठाऊक आहे.

२४ एप्रिल

कुंपणाला काट्या तोडत होतो. दमलो तेव्हा बाभळीखाली बसून सुरीकडे बघत राहिलो. मेहकरच्या बाजारात बसणाऱ्या कादर लोहाराकडून करून घेतलेली. सरकीच्या कारखान्यातली झिजलेली कानस मामांनी आणून दिली होती, तिचीच ठोकली त्याने. दिसायला काही नाही. पातं दोन बोटं रुंद, वीतभर लांब. पाठ जाड, म्हणजे वरून दगड हाणला तरी लाकूड फाटतं, सुरी नाही. पात्याचं पोलाद मुठीतून पार शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंनी धावड्याचं लाकूड, तांब्याच्या खिळ्या. मूठ माझ्या घामाने काळी झाली आहे. कातड्याच्या म्यानात कमरेला असते. हात नेला की हातात येते.

गेल्या पावसाळ्यात ढवळ्या नाल्यात घसरला आणि गळ्यातलं जोतं आवळलं गेलं. जीभ बाहेर आली होती त्याची. माझा एक हात शिंगाला होता. दुसऱ्या हाताने सुरी काढली आणि जोतं कापलं. खिशातला मिटवायचा चाकू असता तर तो उघडायला दुसरा हात कुठून आणला असता? ढवळ्या आज ओसरीपुढे कडबा खातो आहे. देशमुखांच्या कट्यारीने कोणाचा बैल वाचवला ते कोणी मला सांगावं.

हे सगळं मायला सांगणार होतो. ती म्हणाली, "भाकर खाऊन घे."

२७ एप्रिल

व्हायचं ते झालं. देशमुखांचा निरोप आला म्हणून बाबांबरोबर गेलो. ओट्यावर आठ-दहा माणसं होती. देशमुख सुपारी कातरत होते, मान वर न करता बोलले.

"काय बे निवृत्तीच्या पोट्ट्या, आमची कट्यार बोचते म्हने तुले?"

"बोचत नाही जी. तिले धारच नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"ज्या सुरीनं बैलाचा काटा काढतं, कांदा चिरतं, ते घेऊन देवाबामनाम्होरं उभा राहशीन?"

"हो. देवाले ठाऊक हाय माहं काम."

बाबांनी माझं मनगट धरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण माघार घ्यावी असं नाही वाटलं. देशमुख म्हणाले, "ने मंग. पन वऱ्हाडाले गाड्या कोनाच्या नेतं तेबी पाहून घे."

येताना बाबा एकच वाक्य बोलले. "माह्या लग्नात लई जड लागली होती ते कट्यार."

३० एप्रिल

घाटावरची बातमी घाटाखाली पोचायला मोटार लागत नाही. शेषरावमामा मलकापूरकडून आले. त्यांनीच हे लग्न जुळवलेलं. होणारे सासरे पंजाबराव, त्यांनी माझ्यासाठी चाकू पाठवला आहे! विलायती. शिंपल्यासारखी चकचकीत मूठ, आत पाती दोन, बुचं काढायचा एक स्क्रू, आणि एक दात कोरायचं काहीतरी. मधला मार्ग म्हणून. कट्यार नको तर नको, पण जावयाच्या हातात निदान शोभेलशी वस्तू असावी.

लिंबू खोचून बघितलं. जरा दाब दिला तर पातं मिटलं आणि माझ्या बोटावर आलं. मामा चिंधी बांधत म्हणाले, "आता तरी ऐक. पंजाबराव म्हने, जवाई आत्ताच एवढा अडून राह्यला, तं पुढं पोरीले काय नांदवीन? लग्न मोडतो म्हून राह्यले ते."

मी निरोप दिला: चाकू परत घ्या. मी येईन तर माझी सुरी घेऊन येईन.

१ मे

गाड्यांसाठी घरोघर फिरलो. कोणाचा बैल लंगडतो, कोणाचं चाक मोडलं आहे. सगळ्या गावाला एका दिवसात साथ आली.

३ मे

आज भीती वाटली. पंजाबरावांच्या कोकिळेला मी एकदाच बघितलं आहे, चहा घेऊन आली तेव्हा. खाली मान घालून बसली नव्हती, सरळ बघत होती. तेवढ्यावर मी गेले दोन महिने जगतो आहे. आणि आता एका सुरीपायी ती जायची!

मायने पहिल्यांदा कट्यारीबद्दल तोंड उघडलं. "घे ना बापा ते कट्यार. चार दिवसाची तं गोष्ट हाय." चार दिवसांची नाही, माय. तिफणीची आहे. डोकं टेकण्याची आहे. उद्या माझा पोरगा उपरणं पसरेल त्याची आहे. हे म्हणालो, आणि आवाज चढला. ती रडली. मग मीही, गोठ्यात जाऊन.

तरी नाही.

६ मे

जिंकलो! मामा आले ते हसतच. "पंजाबराव म्हने, सुरी तं सुरी. तारीख तेच राहीन." मामांनाही कळेना, माणूस एका रात्रीत कसा फिरला. मला कळतं. मी ताठ राहिलो म्हणून. दोनदा वाकलो असतो तर तिसऱ्यांदा पाठीवर बसले असते.

गाडीही मिळाली. कादरचा भाऊ रहेमतुल्ला आपली गाडी जुंपणार आहे. कादर म्हणाला, "सुरी माह्या हातची हाय ना? मंग वऱ्हाड पायी काऊन जाईन?" आमची एक धरून दोन गाड्यांचं वऱ्हाड. पुरे.

९ मे

हळद लागली. बाबांनी स्वतः सुरी दगडावर लावली, पाणी घालून, बराच वेळ. मग टोकाला लिंबू खोचलं आणि माझ्या हातात दिली. आम्ही दोघे सरळ मारुतीला गेलो. देशमुखांच्या दारावरून जाताना बाबांच्या पायात जोडा होता. कोरा, करकर वाजणारा.

१२ मे

लागलं लग्न. घाटाखालचं ऊन म्हणजे तवा. मांडवात बायका एकमेकींना सुरी दाखवून हसत होत्या. हसा म्हटलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा कोकिळेने आधी माझ्याकडे बघितलं नाही. सुरीकडे बघितलं.

१५ मे

घरी आलो. पूजा झाल्यावर मी लिंबू काढलं. पातं काळं पडलेलं, धारेला खड्डे. कोकिळेने सुरी माझ्या हातातून घेतली, अंगठा फिरवून बघितला, चुलीतली राख घेऊन घासायला बसली.

"आंबटानं पोलाद खाते. लिंबू नसन काढाचं, पन तेल तं लावता येते ना जी?"

घासता घासता खाली बघूनच ती म्हणाली, "बाबानं लग्न मोडलंच होतं. मी म्हटलं, तोच सुरीवाला आना, नाही तं मी बोहल्यावर उभी राहत नाही. दोन दिवस जेवली नाही."

मग सुरी पुसली, तेलाचं बोट फिरवलं आणि आपल्या उशाशी ठेवली. परत मागायची माझी हिंमत झाली नाही.